लॅपटॉप स्लो झालाय, म्हणजे व्हायरसच असेल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०१८ साली घेतलेला आय-थ्री लॅपटॉप, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, विंडोज १०. बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत आठ-नऊ मिनिटं जातात. उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले' अशा पाट्या येत राहतात. तुम्ही घरी शिकवण्या घेता, प्रश्नपत्रिका आणि लग्नपत्रिका जुळवून देता आणि छपाईसाठी पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात नेता. दुकानदार म्हणाला, 'व्हायरस आहे, फॉरमॅट मारू आणि चांगला अँटीव्हायरस टाकू.' आता फॉरमॅट करावा की नवाच घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता दोन्ही नको. अठरा वर्षं हेच काम करतोय. 'व्हायरस आहे' म्हणून टेबलावर आलेल्या स्लो मशीनपैकी बहुतेकांचं दुखणं दुसरंच निघतं. आणि खरोखर व्हायरस असलेली कितीतरी मशीन अगदी छान पळत असतात. त्यामुळे लॅपटॉप स्लो का आहे आणि त्यात कुणी घुसलंय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी शोधायला हवीत. एकाच फॉरमॅटमध्ये दोन्ही उरकायला गेलं की आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा पहिल्यासारखंच.

पूर्वीचे व्हायरस मशीन जाम करायचे, म्हणून आपल्या डोक्यात 'स्लो म्हणजे व्हायरस' हे समीकरण पक्कं बसलंय. आजच्या चोराला मात्र गाजावाजा नको असतो. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगइनच्या कुकीज (तुम्ही आधीच लॉगइन केलंय, हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) उचलायच्या, पाठवून द्यायच्या आणि गप्प राहायचं, एवढंच त्याचं काम. लुमा नावाचा असाच एक चोर प्रोग्राम मे २०२५मध्ये मोठ्या कारवाईत मोडून काढला गेला. १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोनच महिन्यांत ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज मशीनमध्ये तो सापडल्याचं मायक्रोसॉफ्टने तेव्हा सांगितलं होतं. त्यातल्या किती लोकांना 'मशीन जरा जड वाटतंय' असं तरी वाटलं असेल? अपवाद आहे तो तुमच्या मशीनवर चोरून क्रिप्टोचं मायनिंग करणाऱ्या, म्हणजे तुमच्या मशीनची ताकद वापरून चोरासाठी डिजिटल चलन कमावणाऱ्या प्रोग्रामचा. तो प्रोसेसर पिळून काढतो. त्याची खूण पुढे सांगतो.

कशालाही हात लावण्याआधी बॅकअप घ्या. हे नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाही. तुमची डिस्क आठ वर्षांची आहे. ती आतून खराब होत असेल, तर अँटीव्हायरसचा फुल स्कॅन किंवा विंडोजची डिस्क तपासणी चालवल्यावर ती सगळीच्या सगळी वाचायला लागते आणि कडेलोटावर असलेली डिस्क नेमकी त्याच वेळी बसते. म्हणून आधी बॅकअप आणि मग स्कॅन, हा क्रम मोडू नका. डीटीपीच्या फाइली, प्रश्नपत्रिका, फोटो आणि तुम्ही वापरता ते मराठी फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर घ्या. सेटअपच्या फाइली आणि क्रॅक (विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवणारे जुगाड) घेऊ नका, कारण रोग असलाच तर तो त्यांच्यातच असतो. कॉपी करताना डिस्कमधून टक-टक आवाज आला किंवा एखाद्या फोल्डरवर अर्धा-अर्धा तास अडकून पडलं, तर लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा. तिथे पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसणं महागात पडतं.

बॅकअप झाला की मोजमाप. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी आली तर खालच्या 'मोर डिटेल्स'वर क्लिक करा. मशीन नुकतंच चालू झालेलं असताना बघू नका, कारण तेव्हा सगळेच आकडे वर असतात. दहा मिनिटं काहीही न उघडता थांबा आणि मग 'परफॉर्मन्स'मध्ये जा. तिथे सीपीयू, मेमरी आणि डिस्क वेगवेगळे दिसतात.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून माझी नजर आधी डिस्ककडे जाईल. 'ॲक्टिव्ह टाइम' सतत १०० टक्के आणि खाली वाचन-लेखनाचा वेग मात्र १-२ एमबी, असं दिसलं तर डिस्क नुसती धावतेय, पोचत कुठेच नाही. त्याच्याच शेजारी 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' असतो. या आकड्याकडे फारसं कुणी बघत नाही, मी सगळ्यात आधी बघतो. तुमच्यासारख्या फिरत्या डिस्कला, म्हणजे आत तबकडी फिरणाऱ्या हार्डडिस्कला, काम सांगितल्यावर उत्तर द्यायला काही मिलिसेकंद लागतात. कामाचा ताण असेल तर पन्नास-शंभरापर्यंत जातं, तेही मी समजून घेतो. पण काहीच उघडं नसताना हा आकडा हजार-दोन हजारांवर उड्या मारत असेल, तर डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय. म्हणजे आजारी आहे.

हिशेबाची कामं करणाऱ्या एका गृहस्थांचं मशीन माझ्याकडे आलं, तेव्हा वर्षभरात तीनदा फॉरमॅट झालेलं होतं. दरवेळी निदान व्हायरसचंच. प्रत्येक फॉरमॅटनंतर दोन-तीन आठवडे बरं चालायचं. ते का, तर नवं विंडोज डिस्कच्या वेगळ्या जागेवर पडायचं आणि खराब भाग काही दिवस वाटेत यायचा नाही. मी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं टूल चालवलं. ते डिस्कने स्वतःच ठेवलेल्या नोंदी वाचून दाखवतं. 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट'ची ओळ पिवळी होती. डिस्कला वाचता न आलेल्या आणि अजून निकाल न लागलेल्या जागा त्या ओळीत मोजल्या जातात. त्यांचा डेटा कसाबसा निघाला, दोन वर्षांचे काही फोटो मात्र गेले. तिसऱ्या फॉरमॅटच्या आधी कुणी ही एक ओळ बघितली असती, तर तेही वाचले असते. हे मला आजही सलतं. तुम्ही हे टूल चालवा आणि 'रीॲलोकेटेड', 'पेंडिंग' आणि 'अनकरेक्टेबल' अशी नावं असलेल्या ओळी बघा. वर 'गुड' ऐवजी 'कॉशन' लिहिलेलं असेल, तर व्हायरसचा विषय नंतर. तुमच्याकडे लाइट वरचेवर जात असेल आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल, तर मशीन दरवेळी धाडकन बंद होतं. अशा डिस्का लवकर जातात.

डिस्क चांगली निघाली तरी ती फिरतीच आहे, हे विसरू नका. विंडोज १० एकाच वेळी शेकडो बारीक बारीक फाइली मागतं आणि फिरत्या डिस्कची सुई सेकंदाला साधारण शंभरच वेळा जागा बदलू शकते. साध्यातली साधी एसएसडी हेच काम हजारोंच्या हिशेबात करते, कारण तिच्यात फिरणारं काही नसतंच. एसएसडी टाकली की आठ मिनिटांचं चालू होणं अर्ध्या-पाऊण मिनिटावर येतं. याच वयाच्या मशीनवर मी ते पुन्हा पुन्हा पाहिलंय. तुमच्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी बसायला हवी. कामाला २५६ जीबी पुरते.

मेमरीबद्दल थोडक्यात. ४ जीबीतली जवळजवळ निम्मी जागा विंडोजच घेतं. उरलेल्या जागेत क्रोमचे दहा टॅब आणि डीटीपी एकत्र मावत नाही. मग विंडोज डिस्कलाच मेमरीसारखं वापरायला लागतं आणि दोष डिस्कवर दिसतो. मेमरीचा आकडा ८५-९० टक्क्यांच्या वर टिकून राहत असेल, तर आणखी ४ जीबीची पट्टी टाका. मात्र त्याआधी लॅपटॉपमध्ये रिकामा स्लॉट आहे का, ते बघून घ्या.

सीपीयूच्या पानावर 'स्पीड' बघा. काम चालू असताना वेग बेस स्पीडच्या (तिथेच लिहिलेल्या प्रोसेसरच्या मूळ वेगाच्या) खूप खाली, अर्ध्या गिगाहर्ट्झच्या आसपास अडकला असेल, तर पंख्यात धूळ साचून मशीन तापत असणार, नाहीतर चार्जर हलक्या प्रतीचा असणार. काही लॅपटॉप ओळखीचा नसलेला चार्जर लागला की मुद्दाम वेग पाडतात. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघितलं की फरक कळतो. हे फुकटात तपासता येतं, तरी बरेच जण ते बघतच नाहीत.

'प्रोसेसेस'च्या यादीत काही नावं दिसली म्हणून घाबरू नका. 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' हे विंडोजचं स्वतःचं डिफेंडर, म्हणजे विंडोजसोबतच येणारा अँटीव्हायरस आहे. लॅपटॉप बरेच दिवस बंद होता आणि आज उघडला, तर विंडोज अपडेट तासभर डिस्क चावतं. ते होऊ द्या.

आता दुसरा प्रश्न, कुणी घुसलंय का.

आधी त्या पाट्या. नव्वद टक्के शक्यता अशी, की त्या व्हायरसच्या नाहीतच. कुठल्यातरी साइटने 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा' म्हटलं आणि अलाउ दाबलं गेलं. तेव्हापासून ती साइट क्रोमच्या नोटिफिकेशनमधून जाहिराती पाठवतेय आणि त्यांना व्हायरसच्या इशाऱ्याचं सोंग दिलंय. पाटीवर बारीक अक्षरात साइटचं नाव किंवा क्रोमचं चिन्ह दिसेल. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स असं जा आणि परवानगी दिलेल्या यादीतल्या अनोळखी साइट काढून टाका. पाट्या तिथल्या तिथे थांबतील. पाटीवर दिलेल्या फोन नंबरवर मात्र कधीही फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. समोरचा माणूस एनीडेस्कसारखं, लांबून तुमचं मशीन हाताळू देणारं काही टाकायला लावतो आणि मग बँकेचं खातं उघडायला सांगतो. असं आधीच घडलं असेल, तर हे वाचणं थांबवा, आधी बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

पाट्यांचा उलगडा झाला म्हणजे मशीन स्वच्छ आहे, असं मात्र नाही. तुमच्या बाबतीत मला खरी काळजी दोन गोष्टींची वाटते.

एक म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातला पेनड्राइव्ह. दिवसाला शंभर पेनड्राइव्ह लागणारं ते मशीन. तुमच्या पेनड्राइव्हमधली फोल्डरं कधी शॉर्टकट झालेली दिसली का, म्हणजे चिन्हावर छोटा बाण आला आणि आकार एक-दोन केबी? तसं असेल तर त्यावर डबल क्लिक करू नका. खरी फोल्डरं बहुतेकदा तिथेच असतात, फक्त लपवलेली. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फाइली दाखवा म्हणून सांगा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण काढा. फोल्डरं पुसट दिसायला लागतील. त्यातल्या फक्त आपल्या फाइली कॉपी करून घ्या आणि मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. इथे फॉरमॅट योग्यच. पुढे छपाईला पीडीएफ करून ईमेलने पाठवा. फॉन्ट पीडीएफच्या आतच बसतात, त्यामुळे दुकानात जोडाक्षरं तुटायचंही टळतं.

दुसरी आणि मोठी काळजी, विंडोज आणि डीटीपी कसं टाकलं गेलं याची. मागे कधी कुणी फॉरमॅट मारून दिला असेल, तर त्याने विंडोज ॲक्टिव्हेट कसं केलं? अनेक ठिकाणी सरसकट विंडोजची प्रो आवृत्ती टाकतात आणि ती फुकट चालावी म्हणून एक 'ॲक्टिव्हेटर' चालवतात. हा ॲक्टिव्हेटर चालवायला डिफेंडर अडवतं. म्हणून आधी डिफेंडर बंद करायचं, नाहीतर त्याला 'इकडे बघू नकोस' असं सांगून ठेवायचं. आपलं काम झालं की माणूस निघून जातो, ती सवलत तशीच राहते.

एका क्लासच्या मशीनवर मी हे पाहिलंय. मशीन चपळ होतं, अपडेटसुद्धा झालेलं. स्कॅन केला की 'नो करंट थ्रेट्स'. पण क्लासच्या ईमेलमधून पालकांना भलतेच मेल जात होते, पासवर्ड दोनदा बदलूनही. विंडोज सिक्युरिटी उघडलं, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि अगदी तळाशी 'एक्सक्लुजन्स', म्हणजे डिफेंडरने तपासू नयेत अशा जागांची यादी. तिथे एकच ओळ होती : अख्खा सी ड्राइव्ह. पहारेकरी रोज इमानाने पहारा देत होता, फक्त घर सोडून. ती ओळ काढली, ऑफलाइन स्कॅन लावला आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्राम सापडला.

म्हणून तुम्हीही आधी तिथेच जा. घरच्या मशीनवर ती यादी रिकामी असायला हवी. तुम्ही स्वतः काही टाकलेलं नसेल, तर जे असेल ते काढा. डिफेंडर चालूच होत नसेल आणि 'हे सेटिंग तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरच्या हातात आहे' असं म्हणत असेल, तर तीही वाईट खूण. एखादा दुसरा अँटीव्हायरस टाकलेला असेल तर डिफेंडर आपणहून बाजूला होतं, तो प्रकार वेगळा. दोन अँटीव्हायरस एकदम चालवू नका. एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मशीन आणखी मंद होतं.

त्यानंतर त्याच ठिकाणी स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन निवडा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते. विंडोज चालू असताना लपून बसणाऱ्यांना त्या वेळी लपायला जागा नसते. एरवी पंधरा मिनिटं लागतात, तुमच्या डिस्कवर जास्त धरा. दुसरं मत म्हणून मी मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर किंवा मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती चालवतो. सेफ्टी स्कॅनर दहा दिवसांनी जुना होतो, दरवेळी नवा उतरवावा लागतो. आपल्या सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्रही २०१७पासून अशी टूल्स फुकट देतं. अँटीव्हायरस विकत घ्यायचाच असेल तर जरूर घ्या, पण ही सगळी तपासणी झाल्यावर. आजारी डिस्कवर तो टाकला तर मशीन आणखी बसेल.

मायनिंगची खूण राहिली. मशीन नुसतं पडून असताना पंखा घोंघावतो, तुम्ही टास्क मॅनेजर उघडलात की दोन सेकंदांत शांत होतो, आणि बंद केलात की पुन्हा सुरू. लपणारा प्रोग्राम टास्क मॅनेजर उघडल्याचं ओळखून थांबतो. असं दिसलं तर स्कॅनवर विसंबून राहू नका, सरळ नवं विंडोज टाका.

एक नवा प्रकारही सांगून ठेवतो, कारण तुमच्या विद्यार्थ्यांच्या हातात लॅपटॉप जात असेल. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणून एखादी साइट विंडोजचं बटण आणि आर दाबायला, मग कंट्रोल व्ही आणि एंटर दाबायला सांगते. साइटने गुपचूप कॉपी करून ठेवलेला हुकूम तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. लुमासारखे चोर याही वाटेने आत येत होते. कुठलीही खरी साइट हे करायला सांगत नाही. असं कुणी केलं असेल, तर स्कॅनमध्ये काही निघो न निघो, पासवर्ड बदला. तेही फोनवरून, या लॅपटॉपवरून नाही. आणि बदलताना 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' करा. कुकी चोरीला गेली असेल तर चोराला पासवर्ड लागतच नाही. त्या क्लासचा पासवर्ड दोनदा बदलूनही उपयोग झाला नव्हता, त्याचं एक कारण हेच.

आता निर्णय. तो तुमच्या मशीनवर काय दिसतं यावर अवलंबून आहे, म्हणून मी इथून ठाम सांगू शकत नाही, पण माझा कल सांगतो. डिस्क खराब असो वा चांगली, तुम्ही एसएसडी टाकाच. जुन्या डिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं एसएसडीवर उतरवून देतो असं कुणी म्हणेल, ते तुमच्या बाबतीत नको. आत काही लपलेलं असेल तर तेही नव्या घरात राहायला येईल. एसएसडीवर विंडोज कोरं टाकून घ्या, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवलेलं, तेही दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून.

टाकणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. लॅपटॉप विंडोजसकट घेतला होता ना? मग त्याची किल्ली मदरबोर्डमध्येच असते. तो ज्या आवृत्तीसह आला होता, बहुतेक होम, तीच टाकली की इंटरनेट लागल्यावर ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. ॲक्टिव्हेटर लागतच नाही. 'प्रो टाकून देतो' म्हटलं तर नको म्हणा. डीटीपीचा क्रॅकही परत टाकू नका. ते सॉफ्टवेअर विकत घ्या किंवा युनिकोडमधून (विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या मराठी टायपिंगमधून) काम भागतंय का ते बघा.

विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी केली तर जाहीर योजनेप्रमाणे १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. ती नोंदणी कराच. २०१८च्या स्वस्त आय-थ्रीमध्ये बऱ्याचदा सहाव्या-सातव्या पिढीचा प्रोसेसर असायचा आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून चालतं. प्रोसेसरच्या नावात आय-थ्रीनंतर येणारा पहिला अंक म्हणजे पिढी. तो ८ असेल तर ११ टाका, मशीन अजून काही वर्षं काढेल. ६ किंवा ७ असेल तर एसएसडीवर पैसे घालायला हरकत नाही, ती पुढे बाहेरची डिस्क म्हणून कामाला येते. रॅमवर मात्र खर्च करू नका आणि नव्या लॅपटॉपसाठी बाजूला टाकायला लागा.

बॅकअप झाला की मला चार गोष्टी कळवा : डिस्कचा रिस्पॉन्स टाइम, क्रिस्टलडिस्कइन्फोच्या त्या तीन ओळींमधले आकडे, एक्सक्लुजन्सच्या यादीत काय निघालं, आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव. तेवढ्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल. तोवर दुकानदाराला थांबा म्हणा.